पारा उडालेला आरसा

मुलीने नवे घर घेतले तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मी तंजावरला सरस्वती महालातल्या काही पोथ्या पुन्हा एकदा पाहण्यासाठी निघाले होते. ती म्हणाली, "आई, तिकडे जातेच आहेस तर माझ्या दिवाणखान्यासाठी एक जुना आरसा बघ. खराखुरा जुना." तिचा दिवाणखाना दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. त्याला दिवाणखाना म्हणणे हा शब्दावर अन्याय आहे, पण शब्दांना अशा अन्यायाची सवय असते. घर सजवून देणाऱ्या तरुणाने तिला सांगितले होते की खिडकीसमोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावला की खोली दुप्पट वाटते, आणि आरसा जुना असला तर खोलीला वजन येते. पहिले विधान प्रकाशशास्त्राचे आहे आणि दुसरे प्रतिष्ठेचे, हे मी तिला सांगितले नाही. आयुष्यभर जुन्या वस्तूंवर, म्हणजे जुन्या शब्दांवर, पोट भरलेल्या बाईने ते सांगू नये.

आरसा निवडण्याचा मला अनुभव नव्हता. आमच्या घरात आरसा म्हणजे आईच्या फणेरपेटीच्या झाकणातला, हातभर लांबून पाहिला तर अर्धा चेहरा दाखवणारा, आणि न्हाणीघराजवळच्या खिळ्यावर टांगलेला वडिलांच्या दाढीचा. दोन्ही वापरायचे, मिरवायचे नव्हेत. भिंतीवर शोभेसाठी लावलेले आरसे मी पाहिले ते सरदारांच्या वाड्यांत. तेथे लहानपणी मला एका गोष्टीचे नवल वाटे. ते आरसे इतके उंच टांगलेले आणि पुढे झुकवलेले असत की त्यांत कोणाला आपले तोंड नीट दिसूच नये. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला की ते तोंड पाहण्यासाठी नव्हतेच. हंड्या-झुंबरांतल्या ज्योती दुप्पट-चौपट करणे आणि रात्रीच्या बैठकीला उजेड पुरवणे हे त्यांचे काम. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. 1828 च्या आगीत वाड्याबरोबर तोही गेला. तेलाच्या दिव्यांच्या काळात आरसा हा दिव्याचा जोडीदार होता. आज आपण जुना आरसा विकत घेतो, चेहऱ्याच्या उंचीवर लावतो, आणि तो नीट दाखवत नाही म्हणून कुरकुरतो. जे काम त्याला कधी दिलेच नव्हते ते त्याच्याकडून मागणे हा वाचकाचा नेहमीचा दोष आहे. समीक्षकाचाही.

तंजावरला ग्रंथालयातले काम दुपारी आटोपले की मी राजवाड्याच्या पूर्वेकडच्या रस्त्याने चालत निघे. तेथे जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. पितळी समया, सोनेरी वर्खाची तंजावरी चित्रे, मोडक्या पालख्यांचे दांडे, एनॅमलच्या पाट्या, आणि भिंतीला पाठ लावून ओळीने उभे केलेले आरसे. यांतले बहुसंख्य आरसे तंजावरचे नसतात. ते शंभरेक किलोमीटरवरच्या कारैकुडीच्या बाजूने येतात. नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी ब्रह्मदेशात सावकारी करून मिळवलेल्या पैशातून तिकडे प्रचंड घरे बांधली. लाकूड बर्मी सागाचे, फरशी इटलीची, आरसे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातला व्यवहार बुडाला, पुढे घरे भावाभावांत विभागली, आणि सांभाळणे परवडेना तेव्हा दारे, खांब, आरसे सुटे होऊन बाजारात आले. एका माणसाच्या घराची सजावट ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या घराची मोडतोड असते, हे त्या दुकानात उभे राहिले की विसरता येत नाही.

दुकानदार भला माणूस होता. मी काही तरी शिकू पाहते आहे हे त्याने ओळखले आणि तीन दिवस मला शिकवले, थोडे इंग्रजीत आणि पुष्कळसे हातवाऱ्यांनी. पहिला धडा बोटाचा. काचेवर नखाचे टोक टेकवायचे आणि नख व त्याचे प्रतिबिंब यांतले अंतर पाहायचे. प्रतिबिंब काचेच्या मागच्या बाजूला पडते, त्यामुळे ते अंतर काचेची जाडी सांगते. जुनी काच बहुधा पातळ, म्हणून अंतर कमी. पण एवढ्यावर भरवसा ठेवू नये, कारण पातळ काच आजही मिळते. मग कड पाहायची. पैलू पाडलेली कड यंत्राची असेल तर बोटाला धारदार आणि चहूकडे सारखी लागते. हाताने घासलेली कड उथळ असते, कोपऱ्यावर जराशी डगमगते. मग काचेच्या पृष्ठभागावर तिरपी नजर टाकायची. समोरच्या खांबाची सरळ रेघ कोठे तरी पाण्यात पडल्यासारखी हलली तर काच जुनी असण्याचा संभव अधिक. शेवटी आरसा उलटा करून पाठ पाहायची, आणि खरा इतिहास पाठीवरच असतो.

पाठीचे शास्त्र मी नंतर वाचून काढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आरसा करण्याची रीत अशी होती: सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच हलकेच सरकवत आणायची, आणि वजने ठेवून कित्येक दिवस दाबून ठेवायची. पारा आणि कथील यांचे मिश्रण काचेला धरून बसे. हे काम करणाऱ्या कारागिरांना पाऱ्याची वाफ बाधे. हात कापत, दात पडत, माणसे अकाली जात. पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या महालात 1684 मध्ये पूर्ण झालेल्या आरसेदालनाच्या 357 आरशांमागे हाच पारा आहे. 1835 मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला काचेवर चांदीचा थर बसवता येतो असे आढळले. ती रीत हळूहळू रुळली आणि शतक संपेपर्यंत पाऱ्याचे आरसे करणे जवळजवळ थांबले. आपण मराठीत मात्र अजून ‘आरशाचा पारा उडाला’ असेच म्हणतो, मग मागे चांदी असो की आजच्यासारखे ॲल्युमिनियम. रीत गेली तरी तिचा शब्द मागे राहतो. भाषेच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही, पण दुकानात धूळ झटकताना ते कळले याचा मला आनंद झाला.

तर पाऱ्याचा आरसा ओळखायचा कसा? पांढरा कागद समोर धरावा. चांदीच्या आरशात तो किंचित पिवळसर, उबदार दिसतो, पाऱ्याच्या आरशात निळसर-करडा, ढगाळ सकाळीसारखा. पाठीला रंग किंवा लाखेचा थर असेल तर आत चांदी असण्याची शक्यता मोठी. पाठ उघडी, करडी आणि मिठाच्या कणांसारखी चमचमती असेल तर पारा. उभ्या आरशात पारा वर्षानुवर्षे खाली ओघळतो, म्हणून बहुतेक वेळा डाग खालच्या बाजूने चढत येतात. असा आरसा घेतला तर त्याची पाठ घासू नये, तो आडवा ठेवू नये, मागची फळी काढू नये, आणि निजायच्या बंद खोलीत तर लावूच नये. आणखी एक गोष्ट दुकानदाराने न विचारता सांगितली. शंभर वर्षांपलीकडची वस्तू 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. माझी मुलगी पुण्यातच राहते हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याने मला पसंतीसाठी दोन आरसे दाखवले. पहिल्यावर काळे डाग असे सुबक विखुरलेले होते की मी ताबडतोब संशय घेतला. डाग कडेपासून आत येतात, ओलीपासून वर चढतात, त्यांना काही कारण असते. हे डाग अकारण होते. तेजाबाने पाडलेले. हल्ली अशा आरशांना मागणी आहे, असे तो निर्विकारपणे म्हणाला. दुसरा मोठा होता, चेट्टिनाडच्या कुठल्याशा घरातला, चौकटीवर पोपट आणि वेली. तो इतका स्वच्छ दिसत होता की मी बिचकले. चौकट जुनी, काचही जुनी, पण पाठ नवी. मागचा जुना थर खरवडून नवी चांदी चढवली होती. "आता यात उत्तम दिसते," तो म्हणाला, आणि ते खरेच होते. पोथ्यांच्या भाषेत सांगायचे तर पहिला आरसा बनावट पोथी आणि दुसरा शुद्ध करून छापलेली आवृत्ती. दुसऱ्यासमोर मी जरा जास्त वेळ उभी राहिले. त्याचे कारण पुढे येईल.

शेवटच्या दिवशी त्याने एका घराचा पत्ता दिला. पश्चिमेकडच्या गल्लीत एक मराठी कुटुंब होते, घर सोडून चेन्नईला मुलाकडे जाणार होते, आणि सामान काढत होते. तंजावरमध्ये ‘मराठी कुटुंब’ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावे लागते, हेच वाईट. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात येथे गादी स्थापिली, 1855 मध्ये कंपनी सरकारने ती खालसा केली, आणि या पावणेदोनशे वर्षांत आलेली माणसे येथेच राहिली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजीराजांनी भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या दगडावर मराठी अक्षरे. त्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आजही घरात मराठी बोलली जाते.

घरातल्या बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. मी त्यांना पहिल्याच वाक्याला काकू म्हटले आणि त्यांनी ते मान्य केले. आपण जेथे ‘पाहिजे’ म्हणतो तेथे त्या ‘होणे’चे रूप वापरत, आणि वाक्याच्या शेवटी सूर तमिळसारखा वर जाई. आरसा आतल्या ओसरीवर होता. सागवानी साधी चौकट, वर लहानशी महिरप, उंची दोन-अडीच फूट. खालचा तिसरा भाग करडा पडून गेलेला, त्याच्या वर डागांची कड, समुद्राच्या भरतीरेषेसारखी. मी कागद धरला, तो निळसर दिसला. पाठीची फळी हाताने रंधलेली होती, तिला ठोकलेले खिळे चौकोनी माथ्याचे. पण डावीकडची पट्टी नवी, वेगळ्या लाकडाची. पाठचिकित्सेत आपण तिला क्षेपक म्हणू. काकू म्हणाल्या, आरसा राजवाड्यातून आलेला आहे. तंजावरातली प्रत्येक जुनी वस्तू राजवाड्यातून आलेली असते, जशी महाराष्ट्रातली प्रत्येक जुनी तलवार पानिपतावरून आलेली असते. कागद नव्हता. मी ते विधान ऐकून घेतले आणि किमतीच्या हिशेबात धरले नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा धरलेली दिसली नाही.

"यात तोंड तर दिसत नाही," मी म्हणाले. "मग तुम्ही तो ठेवलात कशाला?"

त्यांनी मला आरशासमोरून बाजूला केले आणि घराच्या मधल्या उघड्या चौकाकडे बोट दाखवले. सकाळी ‘मुट्रमा’त ऊन उतरते, ते आरशावर पडते आणि आरशातून स्वयंपाकघराच्या दारात जाते. सासूबाईंनी तो तेथे लावला तो याचसाठी. ऊन दाराच्या उंबऱ्यावर आले की दुधाची वेळ, चुलीपर्यंत पोहोचले की भाताची. पारा उडाला तरी उन्हाचे काम चालू राहिले. मी ऐकत होते, पण त्या एका शब्दापाशी मी थांबले होते. मुट्रम.

आता ते कारण. 1988 मध्ये मी येथल्याच एका पोथीवरून एक लहानसे आख्यानकाव्य संपादून छापले. तेव्हा मी तिशीच्या आत होते, प्रबंध नुकताच मान्य झाला होता, आणि भाषेच्या शुद्धतेविषयी माझी मते पक्की होती. पोथीचा लेखक ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध पाळणारा नव्हता. त्यात एके ठिकाणी राजकन्या रात्री चंद्र पाहत उभी राहते, आणि ती कोठे उभी राहते ते सांगणारा शब्द पोथीत ‘मुत्रमी’ असा होता. मला घाम फुटला. चंद्र, राजकन्या, आणि हा शब्द! लेखकाचा हस्तदोष उघड आहे असे ठरवून मी तेथे ‘मंदिरी’ छापले, वृत्तही बसले. अशा दुरुस्त्या मी पुष्कळ केल्या, आणि प्रस्तावनेत त्यांचा मोघम उल्लेख केला. पुस्तकाचे बरे स्वागत झाले. त्याच वर्षी दिवाळीनंतर तंजावरच्या एका निवृत्त शिक्षकांचे कार्ड आले. बारीक अक्षर, एका कार्डावर सतरा शब्द. प्रत्येकापुढे पोथीतले रूप, माझे रूप, आणि अर्थ. पहिलाच शब्द हा होता: तमिळमध्ये घरातल्या उघड्या चौकाला मुट्रम म्हणतात, आमच्या घरीही तसेच म्हणतात, राजकन्या चौकात उभी आहे. कार्डाच्या तळाशी आदरपूर्वक सही होती. मी उत्तर दिले नाही. चूक कळली नाही असे नव्हे. पुस्तकाचे कौतुक चालू होते आणि उत्तर लिहायचे तर ते छापावेही लागले असते. कार्ड एका फायलीत गेले.

आरशाविषयी बोलताना समीक्षक काव्यशास्त्राकडे वळला नाही तर त्याची पदवी काढून घ्यावी. ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासूनच झिजत आला आहे. आपण एकाच शब्दाचे दोन केले, एक भिंतीवर टांगला आणि दुसरा व्यासपीठावर. दंडीचा ‘काव्यादर्श’ हाही आरसाच, आणि दंडी कांचीचा, म्हणजे याच तमिळ देशातला मानला जातो. ग्रंथाच्या आरंभीच तो म्हणतो की जुन्या राजांच्या कीर्तीचे बिंब वाङ्मयाच्या आरशात पडते आणि ते राजे गेले तरी बिंब नाहीसे होत नाही. सरस्वती महालात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण राजे गेले आहेत आणि बिंबे कपाटांत आहेत. दर्पणाचे नाव घेऊन बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र काढले ते 6 जानेवारी 1832 रोजी. त्याच वर्षी मार्चच्या 7 तारखेला तंजावरात सरफोजी वारले. मराठीचा एक आरसा उघडला त्या सुमारास दुसरा मिटत होता, आणि दोघांना एकमेकांत काही दिसले नाही. पुढे आम्ही मुंबई-पुण्याकडच्यांनी जी मराठी प्रमाण ठरवली तिच्या उजेडात तंजावरची मराठी पाहिली आणि तिच्यावर डाग आहेत असे म्हटले. दंडीने सांगितले नाही ते एवढेच, की बिंब टिकवणाऱ्या आरशाची पाठ खरवडणारेही असतात. ते बहुधा डॉक्टरेट झालेले असतात.

मी काकूंना विचारले की अमुक नावाचे शिक्षक येथे होते, ठाऊक आहेत का. ठाऊक होते. ते वारले त्याला वीस वर्षे होऊन गेली होती. घर विकले, मुले बंगळूरला. मी पुढे काही विचारले नाही आणि काकूंनीही मला का विचारता असे विचारले नाही. त्यांनी कॉफी आणली.

आरसा मी सांगितलेल्या किमतीला घेतला. काकूंनी स्वतः एका विटक्या सुती लुगड्यात तो गुंडाळला, उभाच, आणि हमालाला तमिळमध्ये बजावले की आडवा करू नकोस. निघताना मी पाहिले, भिंतीवर आरशाच्या आकाराचा एक फिकट चौकोन राहिला होता, आणि सकाळचे ऊन त्यावर पडून तेथेच थांबले होते.

मुलीला आरसा आवडला नाही. तिने तसे स्पष्ट म्हटले नाही, पण घर सजवणाऱ्या तरुणाने पाठ नवी करून देण्याचे सुचवले तेव्हा तिचा चेहरा उजळला. मी नको म्हटले. मग तिने कारैकुडीच्या पोपट-वेलींच्या आरशाचे छायाचित्र मागितले आणि दुकानदाराकडून तो मागवला. तिच्या खोलीत तो शोभतो. तिला सकाळी आठला निघायचे असते, तिला चेहरा दिसला पाहिजे, आणि यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. काकूंचा आरसा माझ्याकडे जिन्याशेजारच्या भिंतीवर आहे, पूर्वेच्या खिडकीसमोर, चेहऱ्यापेक्षा हातभर उंच, पुढे झुकवून. ऊन साडेसातच्या सुमारास पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर येते.

तेथेच ती फाईल होती. कार्ड अजून वाचता येते. पोथीची छायाप्रत मी पुन्हा मागवून घेतली आणि सतराही शब्द एकेक करून पडताळले. अकरा ठिकाणी त्यांचे बरोबर आहे. चार ठिकाणी माझेच वाचन टिकेल असे मला अजून वाटते, आणि तसे मी कारणांसह लिहीन. दोन शब्दांच्या जागी पान कसरीने खाल्ले आहे. तेथे मी 1988 मध्ये काय पाहून काय छापले ते आता मला सांगता येत नाही, आणि नव्या आवृत्तीत त्या दोन जागा मोकळ्या सोडणार आहे.